शिवलकर ताई आणि खाडीपलीकडचं मशीन

आमच्या ऑफिसात फोन वाजला की शिवलकर ताई उचलून एवढंच म्हणायच्या, "रत्नागिरी." स्वतःचं नाव नाही, कंपनीचं नाही. पलीकडचा माणूस पहिल्यांदा बोलत असला तर हमखास गोंधळायचा. एका पुणेकर साहेबांनी जरा चढ्या आवाजात विचारलं होतं, रत्नागिरीतून कोण बोलतंय म्हणून. ताईंनी शांतपणे सांगितलं की तुमचं काय अडलंय ते आधी सांगा, कोण बोलायचं ते आम्ही मग ठरवू. साहेब अडलेलं सांगू लागले.

ही सवय टेलिफोन एक्स्चेंजातली. ताई तिथे बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र, समोर बोर्ड, आणि बोर्डावर अख्खा जिल्हा. पुढे माणसं थेट नंबर फिरवायला लागली, बोर्ड गेला, आणि ताईंना एका टेबलामागे बसवलं. त्या टेबलावर काम नव्हतं. "बारा वर्षं मी तिथे पेपर वाचला रे," त्या सांगायच्या, आणि हे सांगताना त्यांच्या तोंडावर जो काही भाव यायचा तो बघवत नसे. शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या घरी बसल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगी लग्न होऊन लांब. तीन महिन्यांत घरातले सगळे डबे दोनदा घासून झाले.

त्याच सुमारास त्यांच्या आळीतला मंदार मुंबईची नोकरी सोडून परत आला आणि त्याने रत्नागिरीलगत मिरजोळ्याला एमआयडीसीत, आंब्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस थाटलं. आमचं काम काय, ते माझ्या आईला अजून कळलेलं नाही, म्हणून सोपं करून सांगतो. दवाखाना, शाळा, सोसायटी, कुठेही गेलात तर एका खोलीत एक मोठं मशीन असतं. बाकीचे सगळे कॉम्प्युटर त्याच्या जिवावर चालतात. त्याला सर्व्हर म्हणतात. अशी दूरदूरची मशीनं आम्ही मिरजोळ्यात बसून सांभाळायचो. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर प्रत्येक मशीनचा एक चौकोन. हिरवा म्हणजे बरं चाललंय, पिवळा म्हणजे कुरकुर, लाल म्हणजे धावा. बिघाड झाला तर इथूनच आत शिरून दुरुस्त करायचं. तिथे जायचं नाही.

मंदारला फोन घ्यायला कोणीतरी हवं होतं म्हणून त्याने ताईंना बोलावलं. सहा महिन्यांत ताई पडदा वाचायला लागल्या, वर्षभरात मशीनच्या आत शिरायला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. आम्ही पोरं पुस्तकातून शिकलो होतो, त्या आमच्या खनपटीला बसून शिकल्या. एखादी गोष्ट कळली नाही तर "परत सांग" म्हणायच्या. चार वेळा परत सांगताना आपल्यालाच ती कधी कळली नव्हती हे आपल्या लक्षात यायचं, आणि मग चिडायला होई.

मशीनना आम्ही नंबर दिले होते. ताई गावाच्या नावाने बोलवायच्या. "लांजा आज हाफतंय." "दापोली उठलीय, पण डोळे चोळतेय." कुठलं मशीन कधी थकतं आणि का, हे त्यांना पाठ. सोमवारी सकाळी शाळेचं मशीन पिवळं झालं की आम्ही उड्या मारायचो, आणि ताई म्हणायच्या की बस खाली, सगळे मास्तर एकदम हजेरी भरतायत, दहा मिनिटांत होईल बरं.

त्यांचा एक हट्ट मात्र आम्हांला सगळ्यांना छळायचा. कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी तिथल्या माणसाला फोन करायचा. मंदार कपाळाला हात लावायचा. अहो, मशीन स्वतः सांगतंय काय झालंय ते, माणसाला कशाला मध्ये आणताय? ताईंचं उत्तर ठरलेलं. "पडद्यावरचा दिवा काय झालं ते सांगतो. का झालं ते माणूस सांगतो."

राजापूरकडच्या एका सोसायटीचं मशीन एका मे महिन्यात रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास पडद्यावरून नाहीसं व्हायचं आणि सकाळी नऊला आपोआप परत यायचं. आम्ही चार दिवस डोकं फोडलं. वायर बदलायला लावल्या, सेटिंगं तपासली, पराग नावाच्या आमच्या हुशार सहकाऱ्याने तर दोन पानी अहवाल लिहिला. पाचव्या दिवशी ताईंनी तिथल्या शिपायाला फोन लावला. आधी त्याच्या घरचं विचारलं, मग आंबा कसा आहे ते, मग गच्चीवर काय वाळत घातलंय ते. आमसुलं, तो म्हणाला. आणि संध्याकाळी दंव पडू नये म्हणून त्यावर काय घालता? पत्रा. आणि तो पत्रा दिवसभर कुठे असतो, रात्री कसा उभा करता, कशाला टेकवता? तर गच्चीवरच्या त्या ताटलीला. ती ताटली म्हणजे इंटरनेटचा अँटेना. परागने आपला अहवाल गुपचूप फाडला. ताईंनी शिपायाला दोन विटा वापरायला सांगितल्या आणि वर अर्धा किलो आमसुलं पाठवायलाही सांगितली. ती आली.

हे हसण्यावारी गेलं. माझी पाळी आली तेव्हा हसू आलं नाही. देवरुखच्या बाजूच्या एका शाळेचं मशीन अडकल्यासारखं दिसलं आणि मी ते कोणाला न विचारता बंद करून चालू केलं. एका मिनिटाचं काम. तिथे एक वयस्क कारकून सकाळपासून अख्ख्या शाळेचे मार्क भरत बसले होते. सगळे गेले. ताईंनी मला एवढंच विचारलं, फोन केला होतास का. मी म्हटलं, मशीन अडकलं होतं, फोन कशाला? त्यांनी नंबर फिरवला, कानावरचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. मी झाला प्रकार सांगितला. म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बरं, परत भरतो." फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते.

"तुला तिथे मशीन दिसतं," ताई म्हणाल्या. "मला त्याच्यासमोर बसलेला माणूस दिसतो. एवढाच आपल्यात फरक आहे, बाकी तू माझ्यापेक्षा हुशार आहेस." असं बोलून माणसाला जमिनीत गाडायची कला त्यांच्याकडे होती.

आमच्या धंद्यात एक चूक अशी आहे की तिला सगळेच टरकून असतात. दूरच्या मशीनची दारं आपण इथूनच उघडतो आणि लावतो. चुकून आपण ज्या दारातून आत शिरलो तेच लावलं, की खेळ खलास. मशीन तिथे जिवंत, आपण इथे बाहेर, आणि किल्ली आत. याला आम्ही मशीन हरवणं म्हणायचो. परागने एकदा दापोलीचं हरवलं. बिचारा मोटरसायकलवरून गेला आणि कंबर धरून आला. आम्ही खो खो हसलो. ताई हसल्या नाहीत.

"माझ्या हातून एक जरी मशीन हरवलं ना," त्या म्हणाल्या, "तर त्या दिवशी मी ही खुर्ची सोडीन."

मंदार म्हणाला, ताई, असं बोलू नये. ताई म्हणाल्या, बोलले ते बोलले. आता यातली मेख अशी की ही बाई बोलले ते बोलले म्हणाली की विषय संपत असे. दिरांशी एका कप चहावरून वाद झाला म्हणून त्यांनी चहा सोडला होता, त्याला अकरा वर्षं झाली होती, दीर पुढे वारले, तरी चहा सुटला तो सुटलाच. आणि खुर्ची म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं ते आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. बारा वर्षं रिकाम्या टेबलामागे काढलेली बाई होती ती. घरी जाऊन परत डबे घासायचे या विचाराने त्यांना धडकी भरायची, असं त्यांनीच मला एकदा रिक्षाची वाट बघताना सांगितलं होतं.

म्हणून ताई कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी परतीचा गजर लावायच्या. म्हणजे मशीनला आधी सांगून ठेवायचं की मी आता बदल करतेय, दहा मिनिटांत माझा निरोप आला नाही तर सगळं होतं तसं करून टाक. आपण बाहेर अडकलो तरी दहा मिनिटांनी मशीन आपणहून दार उघडतं. आम्ही कधी लावायचो, कधी नाही. ताई सात वर्षांत एकदाही विसरल्या नाहीत.

आठव्या वर्षी विसरल्या.

हेदवीच्या अलीकडे, खाडीपलीकडे, एका ट्रस्टचा दवाखाना होता. दुसऱ्या दिवशी तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचं शिबिर होतं. आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे आधीच तपासून झाले होते, आणि कोणाच्या डोळ्यात किती नंबरचं भिंग बसवायचं ते सगळं त्या मशीनमध्ये होतं. दुपारी अडीचच्या सुमारास ताईंना दिसलं की बाहेरचं कोणीतरी त्या मशीनचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतंय. एकदा नाही, सारखा. त्यांनी दवाखान्याला फोन लावला. शिबिराच्या चौकशांमुळे तो सारखा गुंतलेला. अर्धा तास त्या फिरवत होत्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, दोन ओळींचं तर काम आहे. बाहेरची सगळी दारं लावायची, आपलं तेवढं ठेवायचं.

आधी आपलं दार पक्कं करायचं आणि मग बाकीची लावायची, असा क्रम असतो. ताईंनी आधी सगळी लावली.

मी शेजारीच होतो. हेदवीचा चौकोन लाल झाला. ताईंचे हात कीबोर्डावर तसेच राहिले. मी विचारलं, गजर? त्यांनी मान हलवली, नाही. मग फोन वाजला. दवाखान्यातूनच. कोणाचंच काही उघडत नाहीये, यादी दिसत नाहीये, सर्जन उद्या सकाळी सातला सुरू करणार आहेत. फोनवर तिथली नर्स होती, तिला शिबिराच्या गडबडीत श्वास घ्यायला वेळ नव्हता. मशीनचं बघणारे गुरव जीप घेऊन वाड्यांवर पेशंट आणायला गेले होते आणि तिकडे रेंज नव्हती.

तसं बघितलं तर उपाय सोपा होता. ताईंनी लावलेली दारं पक्की नोंदवली नव्हती. मशीन बंद करून परत चालू केलं की पूर्वीसारखं झालं असतं. पण बटण एकदा हलकं दाबलं तर मशीन आपलं सगळं नीट आवरून झोपतं, आणि धरून ठेवलं तर मान मुरगळल्यासारखं बंद पडतं. तसं झालं असतं तर आतल्या नोंदींचं काय झालं असतं देव जाणे. त्या खोलीची किल्ली होती झाडलोट करणाऱ्या भागीरथी मावशींच्या कमरेला. ताईंनी त्यांना फोनवर बोलवायला सांगितलं.

मावशींनी पहिलं वाक्य टाकलं ते असं, "मी न्हाय हात लावायची. डाक्टरांनी सांगितल्यान, त्या पेटीला हात लावायचा न्हाय."

ताईंनी त्यांना समजावलं नाही. गाव विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं. कळलं की मावशींच्या सासूबाईंचाच उद्या डोळा होता. मग ताई म्हणाल्या, "भागीरथी, चूक मी केलीय. तुम्ही नाय. काय झालं तर नाव माझं सांगायचं, रत्नागिरीच्या शिवलकर बाईंनी सांगितलं म्हणून."

खोलीत दोन पेट्या होत्या, एक मशीनची, एक बॅटरीची. बॅटरीचं बटण दाबलं गेलं असतं तर सगळंच मुसळ केरात. मावशींना दोन्हींवर दिवे दिसत होते, दोन्हींचा रंग हिरवा. ताईंनी त्यांना नर्सचा मोबाईल आधी एका पेटीला लावायला सांगितला, मग दुसरीला. आणि मला हाताने खूण केली. खाली खोके बनवायचं यंत्र धडधडत होतं. मी जिन्यावरून जवळजवळ पडत खाली गेलो आणि त्यांना पाच मिनिटं यंत्र थांबवायला लावलं. फोरमनला काय सांगितलं ते आठवत नाही, पण माझं तोंड बघून त्याने थांबवलं.

वर आलो तर सगळं ऑफिस चिडीचूप. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. एक पेटी नुसती गुणगुणत होती, दुसरीत पंखा घरघरत होता. घरघरणारी आपली, त्या म्हणाल्या. आता तिच्यावरचं गोल बटण. एकदा दाबायचं आणि विस्तवाला हात लागल्यासारखं बोट काढायचं. मावशींनी देवाचं नाव घेतलेलं आम्हांला ऐकू आलं. मग टक्. ताई ऐकत राहिल्या. पंखा आधी वाढला, मग हळूहळू उतरत गेला, आणि थांबला. नीट झोपलं, ताई म्हणाल्या. अजून वीसपर्यंत मोजा. मावशींनी मोठ्याने मोजले, तेरा दोनदा. परत टक्. पंखा सुरू झाला.

चार मिनिटांनी हेदवीचा चौकोन हिरवा झाला. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. परागने मंदारला चक्क मिठी मारली. तिकडून नर्स सांगत होती की यादी दिसतेय, नंबर सगळे आहेत. ताईंनी गजर लावला, आधी आपलं दार पक्कं केलं, मग बाकीची लावली, दहा मिनिटं थांबून सगळं तपासलं. मग कानावरचं यंत्र काढलं, त्याची वायर नीट गुंडाळून खणात ठेवली आणि मंदारला म्हणाल्या, उद्यापासून मी येणार नाही.

मंदारने विनवलं, मी विनवलं, परागने स्वतःच्या दापोलीची आठवण करून दिली. ताईंचं एकच, बोलले ते बोलले. मला फक्त एवढं विचारलं की तुझी गाडी उद्या आहे का. ज्यांना त्रास दिला त्यांच्यासमोर जाऊन माफी मागायची होती. फोनवर मागितलेली माफी त्यांना पुरेशी वाटत नव्हती.

जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलो. आठ वर्षं त्या मशीनशी बोलणारी बाई पहिल्यांदा त्या गावाला निघाली होती. मला तर रडू येत होतं. या बाईशिवाय ऑफिस कसं असेल याचा मी विचारच करू शकत नव्हतो, आणि तेही मी सांगितलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा शिबिर रंगात होतं. व्हरांड्यातल्या बाकांवर एकेका डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी माणसं ओळीने बसली होती आणि पेज पीत होती. कोणाचंही भिंग चुकलं नव्हतं. मी उगाच दोनदा विचारून घेतलं.

भागीरथी मावशी ताईंच्याच वयाच्या निघाल्या, उंचीने हातभर कमी. ताईंनी त्यांच्यासमोर हात जोडले. म्हणाल्या की काल माझ्या हातून तुमचं मशीन हरवलं, ते तुमच्यामुळे मिळालं, मी माफी मागायला आलेय आणि आता हे काम सोडतेय.

मावशींना खरोखरच काही कळलं नव्हतं.

"हरवला?" त्या म्हणाल्या. "ता कुठं गेला व्हता? माज्या म्होरंच तर व्हता."

ताई काहीतरी सांगायला गेल्या. मशीन हरवणं म्हणजे आमच्याकडे काय, ते. दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. मावशी पुढे म्हणाल्या, "तुमीबी कुठं न्हाय गेलाव. कानाशी व्हताव की माज्या. मंग हरवला कोण?"

ताई बाकावर बसल्या. आधी मला वाटलं रडतायत. मग दिसलं की हसतायत, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, आणि डोळ्यांतून पाणीही येतंय. मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा आणू का म्हणून विचारलं. चहा ताईंनी घेतला नाही, तेवढं मात्र मोडलं नाही. पेज घेतली. मग मावशींनी त्यांना त्यांच्या सासूबाईंकडे नेलं. त्या म्हातारीने एका डोळ्याने ताईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ही मुंबईची का म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, नाय, रत्नागिरी.

त्यानंतर ताई आणखी चार वर्षं आमच्यात होत्या. पुढे गुडघ्यांनी माडी चढवेना तेव्हा स्वतःच्या मर्जीने, पेढे वाटून निघाल्या. आता गुहागरला बहिणीकडे असतात, सुपाऱ्या सोलतात आणि तिथल्या वायरमनला सळो की पळो करतात असं ऐकतो. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, फोटो निघाले. त्यातलं मला फारसं आठवत नाही.

मला दिसते ती त्या परतीच्या फेरीबोटीवरची बाई. दुपारचं ऊन, खाडीवर वारा, आणि कठड्याला टेकून उभ्या ताई. बोट अर्ध्यावर आल्यावर त्यांनी मला मंदारला फोन लावायला सांगितला आणि माझ्या हातातून घेतला.

"मंदार, उद्या सकाळच्या पाळीला कोणाचं नाव घातलंयस?"

तिकडून तो काय म्हणाला ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही.

"खोड ते," ताई म्हणाल्या. "माझं लिही."